खांड दिसेल त्याने ओरडावे

किमयाची आई काशीबाई गावात सर्वांना सांगत, की आपली मुलगी रोह्याला एका कर्नलकडे कामाला आहे. किमया एकदा घाईत ‘मी कर्नेल सांभाळते’ असे बोलून गेली होती आणि काशीबाईंनी ते ऐकू आले तसे धरून ठेवले. गावालाही ते पटले. मुलगी दिवसभर दार लावून बसते, कामाविषयी अवाक्षर काढत नाही, साहेब दूर कुठेतरी असतात. म्हणजे खाते लष्कराचेच असणार. किमयाने दोनदा समजावून पाहिले, मग नाद सोडला.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या आत सर्वांत खाली बसलेला कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कोणाला कोणाच्या जागेत डोकावू द्यायचे नाही, हे तो ठरवतो. त्याच्या असंख्य ओळींत कुठेतरी चूक निघते आणि त्या चुकीतून एखादा साधा वापरकर्ताही सगळ्या यंत्राचा मालक होऊन बसू शकतो. नव्या आवृत्तीत चूक दुरुस्त होते, पण जुन्या आवृत्त्यांवर चालणारी यंत्रे जगात पुष्कळ. त्यांच्यात ती दुरुस्ती बसवून देणे हे किमयाचे काम. जुन्या सदऱ्याला नवे ठिगळ लावताना कापड जुळत नाही, वीण जुळत नाही, तरी ते उसवू द्यायचे नाही. तसे ते होते.

धाटावच्या एका कारखान्यात नोकरीला म्हणून ती रोह्याला आली होती. ती नोकरी सुटली, हे काम मिळाले आणि ती कुंडलिका नदीकाठच्या आपल्या दोन खोल्यांतच राहिली. तिच्या गटातली माणसे चार देशांत विखुरलेली. कोण कसे लिहितो हे तिला नाव न वाचता ओळखू येई, पण त्यांचे आवाज तिने क्वचितच ऐकले होते. कधी दुपारी दारात कुरियरवाला आला आणि तिने ‘कोण?’ म्हटले, की तो दिवसातला पहिलाच शब्द असे आणि घशात अडकत असे.

बोलायला एकच होती, करिश्मा. दोघी पेणच्या खारेपाटातल्या एकाच गावच्या, एकाच बाकावरच्या. करिश्मा लग्न होऊन पेणजवळच्याच जोहे गावी गेली. सासरचा गणपतीचा कारखाना. आता मूर्तींचे नमुने आधी संगणकावर होतात, म्हणून तिने आसपासच्या कारखान्यांसाठी एक सामाईक यंत्र ठेवले होते. प्रत्येक कारखान्याचे नमुने त्याच यंत्रात, पण ज्याचे त्याने पाहायचे. नवा नमुना हंगामाआधी शेजाऱ्याला दिसला तर वर्षाची मेहनत गेली. ते यंत्र किमयानेच बसवून दिले होते. रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला करिश्माचा फोन येई आणि सुरुवात ठरलेली असे, “काय गो, कर्नल काय म्हणतात?”

खारेपाटात खाडीचे पाणी भातशेतीबाहेर ठेवायला मातीचा बांध असतो. उधाणाला तो कुठे फुटला, की त्याला खांड म्हणतात. खांड खेकड्याच्या बिळापासूनही सुरू होते आणि बघता बघता गाडी जाईल एवढी होते. म्हणून गावाची एक रीत होती. खांड ज्याला दिसेल त्याने जागेवरून ओरडायचे आणि ज्याच्या कानी पडेल त्याने हातातले टाकून धावायचे. किमया लहान असताना बाबाजी नावाच्या शेतकऱ्याला आपल्या वाट्याच्या बांधावर लहानशी खांड दिसली. बांधाची निगा राखली नाही असे लोक म्हणतील, म्हणून तो एकटाच गुपचूप ती बुजवत बसला. सगळ्यांच्या भातात खारे पाणी गेले. बांध बांधला गेला, पण बाबाजीच्या ओट्यावर त्यानंतर कोणी बसले नाही. या दोघी शाळेतून येताना त्याच्या घरासमोर पाय उचलून चालत.

मे महिन्यात किमयाकडे एका चुकीची खबर आली. कर्नेलने एकाला दिलेली जागा परत घेतली होती, पण त्याची किल्ली काढून घ्यायची राहिली होती. ज्या यंत्रात अनेकांची खाती असतात तिथे हे घातक. दुरुस्ती जेमतेम सात-आठ ओळींची. पण ती सगळ्या जुन्या आवृत्त्यांत बसवून होईपर्यंत आणि ठरलेला दिवस उजाडेपर्यंत कोणाला चकार शब्द सांगायचा नाही, हा या धंद्याचा कायदा. आधी बभ्रा झाला तर दुरुस्तीच्या आधी चोर पोहोचतात. करिश्माच्या यंत्रात तीच आवृत्ती होती. बसवणारीला ते विसरता येत नव्हते.

तिने रात्रंदिवस काम ओढले. एका आवृत्तीत तर ज्या ओळींना ठिगळ लावायचे त्या ओळीच नव्हत्या. आणि अशातच एका संध्याकाळी करिश्माने विचारले, की हमरापूरचा एक नवा कारखाना यायचे म्हणतो आहे, त्यांची माणसे संगणकात जरा पुढची आहेत, त्यांना आज खाते उघडून देऊ का? ‘थोडी थांब’ एवढेच म्हणायचे होते. पण करिश्मा हुशार. थांब म्हटले तर का, हे तिने काढून घेतले असते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्यांना सावध केले असते. किमयाने कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर. करिश्माने खाते उघडून दिले.

ठरलेला दिवस आला. दुरुस्ती जाहीर झाली त्या क्षणी किमयाने जोह्याला फोन लावला आणि एकेक आज्ञा सांगत यंत्र दुरुस्त करवून घेतले. नोंदी तपासल्या. कोणी कोणाच्या जागेत शिरल्याची खूण सापडली नाही. किमयाचा जीव भांड्यात पडला. करिश्माने मात्र नोंदी बंद केल्या. मग तिने विचारले,

“तुला कवापासून ठाऊक होतं?”

किमयाला खोटे बोलता आले असते. तिने खरे सांगितले.

“म्हणजे मी त्या नव्या लोकांचं इचारलं तवा तुला ठाऊक होतं.”

“होतं. ओरडले असते तर सगळ्यांनाच धोका होता, करिश्मा. पाण्याला कान नसतात. इथे ऐकणाऱ्यांतच चोर असतात.”

“मी चोर हाय?”

“तसं नाय गो.”

“खांड बघून गप बसलीस तू,” करिश्मा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “बाबाजीसारखी.”

त्यानंतर संध्याकाळचे फोन थांबले. यंत्राविषयी काही असले तर निरोप येई, नीट आणि नेमका; त्यात ‘गो’ नसे. किमयाच्या कामाचे गटात कौतुक झाले. चार देशांतल्या माणसांनी चार ओळी लिहिल्या. त्या वाचून दाखवाव्यात असे कोणी उरले नव्हते. चहाच्या वेळेला ती अजूनही पहिल्यासारखी दोन बिस्किटे काढून ठेवी आणि फोन उपडा न ठेवता सरळ ठेवी.

नारळी पौर्णिमेला ती एसटीने गावी गेली. दुपारी भरती मोठी होती. नारळ सोडून माणसे घराकडे वळली आणि काशीबाईंना बांधावरून चालवत नाही म्हणून किमया त्यांचा हात धरून मागे राहिली. एका ठिकाणी बांधाच्या आतल्या बाजूला गढूळ पाण्याची धार दिसली, मनगटाएवढी. काशीबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, “आता ओरड की गो, बघतेस काय?”

किमयाने तोंड उघडले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज फुटला, तो तिलाही परका वाटला. “खांड! खांड गेली!”

पूर्वीएवढी माणसे आता गावात नव्हती. पण होती ती धावली. सणाचे कपडे घातलेली, कपाळाला कुंकू लावलेली. कोणी पेंढा आणला, कोणी बांबू. शेतातून बांधापर्यंत माणसांची रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात वर येऊ लागले. काशीबाई कडेला बसून म्हणाल्या, की कर्नलकडची पोर आहे, आवाज असणारच. रांग हसली.

भावाला राखी बांधायला करिश्मा माहेरी आली होती. नव्या साडीचा पदर खोचून तीही रांगेत उभी राहिली होती. तिच्या आणि किमयाच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईला बांबू धरायला बोलावले, मधली जागा रिकामी झाली आणि दोघी समोरासमोर आल्या.

“धर,” करिश्मा म्हणाली.

पुढे ‘गो’ येतो का, म्हणून किमया क्षणभर थांबली. करिश्माचे हात चिखलाने भरलेले होते आणि तिची नजर गोळ्यावर होती. बांधापलीकडे पाणी चढत होते. किमयाने गोळा घेतला आणि पुढच्या माणसाच्या हातात दिला.