आठ दिवसांत काय बदललं?

थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने माशांकडे पाहिलंच नाही. चपला काढल्या, सरळ मोरीत गेला आणि टँकचं पाणी बदलायची बादली उचलून तिचा वास घेतला. मग उभ्या उभ्याच मला विचारलं, "गेल्या आठ दिवसांत घरात काय बदललं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"असं कधी नसतं, भावा."

निघोज्याच्या आमच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. माल परत आला की मशीनवरच्या प्रत्येकाला हाच प्रश्न. माणूस बदलला, माल बदलला, की पद्धत? तुम्ही कारखान्यात काम केलं असेल तर असा एखादा तुमच्याही मानगुटीवर बसला असेल. फरक इतकाच, की आमचा हा गडी सुटीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे मासे का मरतात ते शोधत फिरायचा. त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बाइकची किल्ली बोटावर गरगर फिरत राहायची आणि समोरच्या चहावर साय धरायची.

सांगवीतल्या एका घराचा किस्सा कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना पाठ होता. घरमालक शपथेवर सांगत होता, काही बदललं नाही. याने वाकून कॉटखाली पाहिलं. ढेकणांचं औषध मारून घेतलं होतं आणि लाजेपोटी कोणी बोलत नव्हतं. टँकचा पंप त्याच खोलीतली हवा पाण्यात सोडत होता. "ढेकूण लपवले आणि मासे घालवले," असं तो सांगायचा. बस हसायची, तो हसायचा नाही.

आमच्याकडचा मामला हसण्यासारखा नव्हताच. बाबांना झटका येऊन उजवी बाजू गेली होती, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. त्यांची खुर्ची टँकसमोर आणली तेव्हापासून ते दोन घास जास्त खाऊ लागले. आणि आता सातांपैकी पाच गोल्डफिश गेले होते. अंगावर ठिपका नाही, बुरशी नाही, नुसते वर येऊन तोंड उघडत राहायचे. दुकानदाराच्या औषधाने पाणी निळं झालं, बाकी काही नाही. एकेक मासा गेला तसं बाबांचं ताट जास्त भरलेलं परत येऊ लागलं. मला भीती माशांची नव्हती, बाबांची होती.

त्याने वर्तमानपत्राचा एक तुकडा पाण्यावर आडवा ठेवला, अलगद उचलला आणि उजेडात धरला. भज्यांच्या कागदावर पडतात तसे तेलकट डाग होते.

"पाण्यात हात कोण घालतं?"

"मी. कामावरून आलो की. माझ्या हातातून खातात ते. बाबांना बघायला आवडतं."

त्याने माझा हात धरून नाकाशी नेला. कंपनीत मी नुकताच पॅकिंगच्या लाइनवर आलो होतो. पार्ट गंजू नयेत म्हणून तेलात बुडवायचे आणि पॅक करायचे, हे माझं काम.

"दोनदा साबण लावून निघतो मी," मी म्हणालो.

"हे तेल दोन साबणांनी जात नाही. तुला वास येत नाही, कारण तू दिवसभर त्यातच असतोस."

मला इतकी शरम वाटली की बाबांकडे बघवेना. त्यांना बरं वाटावं म्हणून रोज मीच त्यांचे मासे मारत होतो. याने समजूत वगैरे घातली नाही. "कारण सापडलं ना? मग तोंड काय पाडतोस, बादलीलाही तेच तेल लागलंय, नवी आण."

दोन मासे वाचले. ते बघायला तो दर रविवारी येऊ लागला. आला की, "जय भीम, बाबा. आठ दिवसांत काय बदललं?" पहिले दोन रविवार बाबा नुसते बघत राहिले. तिसऱ्या रविवारी मोठ्या कष्टाने म्हणाले, "पडदा." पडदा खरंच नवा होता. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हा पठ्ठ्या कौतुक करायचं सोडून पडद्याचा वास घ्यायला गेला. मग बाबा आठवडाभर शब्द हेरून ठेवू लागले. पंखा. कॅलेंडर. एकदा माझ्या बायकोकडे बघत, "मीठ."

पुढे कंपनीने त्याला गुजरातेतल्या नव्या प्लांटवर पाठवलं. निरोप घ्यायला आला तेव्हाही बसला नाही. बादलीचा वास घेतला आणि गेला.

महिनाभरात बाबांचं जेवण पुन्हा तुटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही निघालं नाही. मासे ठणठणीत होते. मी गोळ्यांच्या पट्ट्या उलटसुलट करत घरभर फिरत होतो. शेवटी एका रविवारी न राहवून त्याला फोन लावला. मागे मशीनची घरघर होती.

"पाणी कसंय?"

"पाणी चांगलंय. बाबा जेवत नाहीत."

"आठ दिवसांत काय बदललं?"

"काहीच नाही," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"स्पीकरवर टाक." मी टाकला. "जय भीम, बाबा. काय बदललं घरात?"

बाबांनी मोबाइलकडे पाहिलं, मग दाराकडे. बराच वेळ ओठ जुळेनात.

"तू," ते म्हणाले.

पलीकडे मशीन चालूच होतं.