मुलांशिवायच्या गोष्टी

शाळेतल्या कार्यक्रमात काल एका चिमुरडीने नानांचा सदरा ओढला. "आजोबा, तुमच्या गोष्टींत नुसती अस्वलं आणि खारीच का? आमच्यासारखी मुलं का नाहीत?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही. नानांच्या पुस्तकांची चित्रं मीच काढत आलोय. त्यांच्या पहिल्या पुस्तकात एक मुलगी होती, दोन वेण्यांची, भांडखोर. ती त्यांचीच लेक, रेवा. पुस्तक आलं त्याच वर्षी ती तापाने गेली. प्रकाशक पुढचा भाग मागत राहिले. नाना लिहायला बसायचे आणि उठायचे. शेवटी मला म्हणाले, "गोष्टीत ती मोठी व्हायला लागते रे. मला नाही सोसत."

मग त्यांनी फक्त प्राणी लिहिले. ते वाचून वाढलेली मुलं आता आपली मुलं घेऊन सही मागायला येतात. लेखकाचं भाग्य म्हणतात ते हेच असावं. पण दर सहीला नानांच्या आत काय होत असेल, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

नाना त्या मुलीजवळ वाकले. "मला मुलं लिहायला येत नाहीत, बाळ."

"सराव केला की येतं," तिने समजूत घातली.

नानांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली.