व्हायजरवरचं पॉलिश

ऐंशीच्या दशकात आमच्या युनिटचं एक हेलिकॉप्टर आठवडाभर चंद्रपूरला होतं. सिरोंचाकडं औषधं पोचवायची होती. मी हवाई दलात सार्जंट. काम वैमानिकांच्या हेल्मेटचं. मूळचा पोंभुर्ण्याचा, म्हणून मलाच पाठवलं.

वैमानिक होते फ्लाइट लेफ्टनंट सेन. मातीच्या मैदानांवर उतरून त्यांच्या व्हायजरवर, म्हणजे डोळ्यांपुढच्या गडद काचेवर, बारीक चरे पडले होते. नियम असा की चरे पडले तर काच बदलायची. सुटी काच नागपूरला होती. पण बक्कल असो की बॅज, घासलं की चकाकतं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. मी पितळेचं पॉलिश काढलं.

मैदानावर पहाऱ्याला असलेले वनरक्षक गेडामभाऊ बघत होते.

"इतके काऊन घासून राह्यले, भाऊ? झिजन ना!"

"तुमी कुऱ्हाड घासता, थे झिजते का?" मी उडवून लावलं.

सावलीत धरून पाहिली तर काच पाण्यासारखी स्वच्छ. दुपारी साहेब उडाले, तेव्हा सूर्य डोक्यावर होता. नंतर सहज मॅन्युअल उघडलं. काचेवर पातळ लेप असतो, पॉलिशनं तो उतरतो, तिरपं ऊन पडलं की काच पांढरी दिसते. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. रेडिओवर सांगायची लाज वाटली.

१७२० वाजता, म्हणजे संध्याकाळी पाच वीसला, रेडिओवर साहेबांचा आवाज आला. सूर्य मावळतीला, अगदी समोर.

"राऊत, व्हायजर को क्या किया? सब सफेद दिख रहा है."

"सर, ऊपर कीजिए."

"किया. अब सूरज आँख में है."

"मत उतरिए, सर. घूम के आइए."

"रॉजर."

वळताना मैदानाच्या कडेची विजेची तार त्यांना दिसली नाही. मागं बसलेला इंजिनीअर वाचला. सेन साहेब गेले.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, भोगली. जिवाला मात्र चैन पडेना. कुणी चष्मा पुसू लागलं तरी मी उठून बाहेर जायचो. शेवटी रजा काढून कलकत्त्याला त्यांच्या आईकडं गेलो, खरं सांगायचंच असं ठरवून.

त्यांनी विचारलं, "उसको तार दिखा था?"

"नहीं, माँजी."

"अच्छा हुआ. डरा नहीं होगा."

पुढचं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी चहा पुढं केला. मी तो प्यालो आणि परत आलो.

माँजी आता नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट सेन सत्तावीस वर्षांचे होते. त्यांना तार दिसली नाही, ती माझ्यामुळं.