टिकलीखालचा डाग

अगं, अशी जवळ बस आणि आधी बोलणी खा. अंगावर पुरळ आलं की डॉक्टर सोडून मैत्रिणींना फोटो पाठवतेस म्हणे! मी तर त्याहून शहाणी. कपाळावर टिकलीखाली पांढरा डाग पडला, म्हणून मोठी टिकली लावली. डाग वाढला, तशी टिकली वाढवली. कोड असेल या भीतीने तुझ्या काकांनाही सांगितलं नाही. शेवटी सिडनीच्या टूनगॅबी भागातल्या स्किन क्लिनिकमध्ये एकटीच गेले.

डॉक्टर जपानी, साधारण माझ्याच वयाच्या. मी आत शिरताच उठून वाकल्या. हात धुतले, एकमेकांवर चोळून उबदार केले आणि म्हणाल्या, "टिकली काढाल?" माझा हात उठेना. परक्यासमोर मोकळ्या कपाळाने कधी बसलेच नव्हते. त्यांनी घाई केली नाही. खुर्ची वळवून भिंतीकडे बघत बसल्या. मी टिकली काढल्यावरच वळल्या.

डाग नीट बघून हसल्या. "माझी आईसुद्धा मला त्वचा दाखवायला पावडर लावून यायची."

"कोड आहे का?"

"नाही. टिकलीच्या गोंदाने रंग गेलाय. लावणं थांबवा, हळूहळू येईल. सगळा येईलच असं नाही."

घरी तशीच आले. काका म्हणाले, "टिकली पडली वाटतं?"

"काढली," म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

आता डाग लहान वाटतो. काका म्हणतात, तेवढाच आहे. तू अशी उजेडात ये बाई, आणि जवळून बघून खरं काय ते सांग.