भुयारातली सुटलेली गाठ

पाण्याखालच्या भुयारात दोरी म्हणजे जीव. आत शिरताना ती सोडत जायची, परतताना तीच धरून यायचं. पहिली गाठ कोरड्या दगडाला, दुसरी पाण्यात उतरल्यावर लगेच. एक सुटली तरी दुसरी राहावी म्हणून. हे शिकवताना माझ्या गुरूंनी 'सुटली तर' म्हटलं होतं. 'कोणी सोडली तर' असं म्हटलं नव्हतं.

संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी ते भुयार आहे. तोंडाशी देवीचा शेंदूर लावलेला दगड, आत वाकून चालण्याइतकी कोरडी वाट आणि शेवटी काळं पाणी. खाली गावात झरा आहे, अख्खं गाव त्याच्यावर जगतं. वरच्या टेकडीत खदानीसाठी सुरुंग लावायचे होते आणि त्याची ना-हरकत दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत मंजूर व्हायची होती. खदानवाल्याचा मुकादम मला हसून म्हणाला होता, "म्याडम, डबकं हाय ते. झऱ्याचा अन् त्याचा काय संबंध?"

भुयारांतल्या पाण्याचा माग काढणं हे माझं काम. संबंध दाखवायचा तर पाण्याने भरलेला बोगदा पार करून पलीकडच्या वाहत्या पाण्यात रंग सोडायला हवा होता. अपाय न करणारा हिरवा रंग. तो झऱ्यातून बाहेर आला की संपलं. रंगाबद्दल मी गावात कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तासाभरात खदानीवर पोचलं असतं. मी मलकापूरच्या बाजारपेठेत वाढले आहे. कोणती बातमी कोणाच्या चहासोबत जाते हे मला कळतं.

बोगदा एका माणसापुरताच. मी उतरले. पहिल्या गाठीजवळ, कोरड्यात, गावातल्या भाजीवाल्या काकांना बसवलं. "काका, इथून हलायचं नाही."

"हाव. मी कुठी जातो?"

पलीकडे पोचले, रंग सोडला, वळले. परतताना गाळ उठला होता. टॉर्च लावूनही स्वतःचा हात दिसेना. दोरी धरून दुसऱ्या गाठीपर्यंत आले आणि पुढची दोरी हातात ढिली आली. ओढली, तर नुसती येतच राहिली. तिथे डावीकडे एक आंधळी कपार आहे. तिच्यात शिरलं की संपलं. मी दोरी सोडली नाही. छत चाचपत, उजवा खांदा दगडाला घासत वर आले. तोंडातली नळी काढून पहिली शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

काका जागेवर नव्हते. दगडावर गाठ नव्हती. दोरी तुटली नव्हती, कापलेली नव्हती. कोणीतरी निवांत सोडली होती.

काका भुयाराबाहेर, उताराच्या वाटेवर सापडले. शेजारी मुकादम, मोटारसायकलला टेकून.

"काऊन उठले काका?"

"हा आत येऊन राह्यला होता ना! याले अडवाले आलो."

मुकादम पुन्हा हसला. त्याने काकांना बाहेर बोलावलं की काकांनी त्याला आत सोडलं? दोघंही मला सारखेच गुन्हेगार दिसायला लागले. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं, 'खदानमाफियाचा खुनी डाव', आणि सभेत वाटायला पिशवीत भरलं.

सभेत मी बोलायला उठणार, एवढ्यात एक म्हातारी बादली घेऊन आत आली. बादली सरपंचांच्या टेबलावर आदळली. पाणी हिरवंगार.

"माह्या नातवाले आंघोय घालाची हाय! झऱ्याले हा रंग कोनं लावला?"

"मी," मी म्हणाले. "भुयाराच्या आत सोडला होता. प्यायलात तरी काही होत नाही. पण बघा सगळ्यांनी, तेच पाणी खाली आलं!"

सभा एकदम उठली. मुकादम बादलीकडे बघत राहिला. मला थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. "आणि मी आत असताना माझ्या दोरीची गाठ कोणी सोडली, तेही आता कळू द्या!"

"म्या सोडली," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही?"

"माही सून बाळंतपणात अडली होती. गाठी सुटल्या का बाई सुटते म्हन्तेत. घरातल्या साऱ्या गाठी सोडल्या, पेटीचं कुलूप काढलं, तरी बाई मोकयी होईना. देवीकडे आली, तिथी कोनी नव्हतं, आत गेली, तं देवीच्या दारात ही एवढी मोठी गाठ! सोडू नाही तं काय करू?"

"मी मेले असते, आजी!"

"मले काय ठाऊक आत कोनी हाय? अन् तू रंग टाकताना आमाले इचारलं काय? मंग मी गाठ सोडताना तुले काऊन इचारू?"

मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगा झाला ना पन, बुढे?" आणि सभा हसली. काका सगळ्यात जोरात.

ना-हरकत त्या दिवशी मंजूर झाली नाही. पत्रकं पिशवीतच राहिली. मुकादम नेमका त्याच वेळी भुयाराशी कशाला आला होता, हे अजून कोणी मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणं थांबवलेलं नाही. पण आता कुठल्याही गावात उतरायच्या आधी मी पहिल्यांदा एक चौकशी करते: इथे कोणाचे दिवस भरलेत का?