भेंडीची तार

भेंडीचा बुळबुळीतपणा ही परमेश्वराची कृपा आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजमधला आमचा योरुबा पेंटर. नव्वदच्या दशकात अब्बासियातल्या एका खोलीत आम्ही चार वर्षं एकत्र काढली. तो नायजेरियाचा, मी देवगडचा. पण स्वयंपाकातलं त्याचं सोवळं आमच्या देवळातल्या गुरवापेक्षा कडक. अरबी दुकानातला मुलुखियाचा पाला म्हणजे आपल्या आईच्या सुपातला ‘एवेडू’च, हा शोध लागला त्या दिवशी हा आडदांड माणूस पाल्याची जुडी छातीशी धरून भर बसमध्ये रडला. शिजलेला पाला तो पातेल्यातच एका चिमुकल्या केरसुणीने घोटायचा. एका दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी दुसरी केरसुणी मिळेना, म्हणून मी तिलाच हळदकुंकू वाहिलं. त्याने ती धुतली, आणि आजचं सूप ‘होली’ आहे म्हणून मला दोन वाट्या जास्त वाढलं. खरबुजाच्या बिया वाटून केलेली त्याची ‘एगुसी’ मी मिटक्या मारत खायचो. भेंडीपुढे मात्र मी हात टेकले. आपण पाकाची तार बघतो, तसा तो पळी उचलून भेंडीची तार बघायचा आणि म्हणायचा, “देखो ब्रदर, टूटता नहीं!” मी नाक मुरडायचो.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. कंपनीने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द केला, आणि तिकीट येईपर्यंत त्याला हॉस्पिटलात ठेवलं. घास गिळवेना, पाणीसुद्धा अडकायचं. “भेंडी लाओ,” तो कसाबसा म्हणाला, “वो अपने आप उतरता है.” शुक्रवारी मी जीव ओतून रांधलं. पाम तेल, मिरची, सगळं त्याच्या पद्धतीने. पण शेवटी कोकणातला हात सवयीने डब्यात गेला आणि दोन आमसुलं पातेल्यात पडली. मला कळलंही नाही. त्याने चमचा उचलला, तर आंबटाने तार तुटलेला रस पाण्यासारखा टपटप गळला.

“ब्रदर, तुमने काट दिया,” तो हसून म्हणाला. एक चमचा घेतला, ठसका लागला, आणि वाटी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी आमसुलाचा डबा कपाटात कोंडून मी पुन्हा भेंडी केली. वीतभर तार आली. पण हॉस्पिटलात त्याची खाट रिकामी होती. “वो सुबह का फ्लाइट में गया,” मलयाळी नर्स म्हणाली. बसस्टॉपवर बसून मीच ती भेंडी बोटांनी खाल्ली. न चावता, अलगद उतरली. मला माझीच भयंकर लाज वाटली. त्याच्या गावी मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात त्याच्या घशाखाली काही उतरलं का, एवढंच मी दोन्ही पत्रांत विचारलं होतं.