मोरीचं पाणी, तापीचं पाणी

बुऱ्हाणपुरात नदीकडच्या गल्लीत राहणाऱ्यांना पुराची बातमी वेगळी कळवावी लागत नसे. तापीच्या पात्रात दगडी हत्ती आहे. त्याचे पाय बुडाले की खालची भांडी फळीवर जात, पाठ बुडाली की धान्य माळ्यावर, आणि हत्तीच दिसेनासा झाला की माणसं माळ्यावर. आमच्या घरी हे वेळेवर होई, कारण ते मी करत असे.

त्या वर्षी झालं नाही. नवं राज्य होऊन राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती आणि कचेरीच्या कामासाठी आमचे हेही तिच्यामागोमाग गेले होते. घरात सासूबाई आणि मी. सासूबाई वयानं साठीच्या, उंचीनं माझ्या खांद्याइतक्या. मी कोपऱ्यात गोणपाटावर बसलेली, कारण माझा दुसरा दिवस होता.

तेव्हा आमच्याकडे बायका बाजूला बसत. चौथ्या दिवशी न्हाईपर्यंत कशाला शिवायचं नाही. लोणच्यावर तर सावलीही पडू द्यायची नाही; नासतं म्हणत. मला त्या दिवसांबद्दल तक्रार नव्हती. चूल नाही, जातं नाही, पाणी भरणं नाही. महिन्यात पाठ टेकायला मिळे ती तेव्हाच.

सकाळी समोरच्या माडीवरून शेजारणीनं हाक दिली, "काकू, हत्तीची पाठ गेली हो."

आमचं वर्षाचं खाणं सगळं जमिनीवर होतं. कणगीत ज्वारी, डब्यांत पापड-कुरडया, आणि चिनी मातीच्या मोठ्या बरण्यांत कैरीचं लोणचं. ते गेलं असतं तर पुढचं पीक येईपर्यंत काय खायचं, हा प्रश्न होता.

सासूबाईंनी देव्हाऱ्यातून सुरुवात केली.

"आत्याबाई, देव हलके आहेत. ते मागून जातील. आधी बरण्या," मी सासूबाईंना म्हणाले.

"देवांच्या आधी लोणचं? तू बसलीस तिथे बस."

देव गेले. मग पापडाचे डबे गेले. मग त्यांनी एका बरणीला मिठी मारली, वीतभर उचलली आणि परत खाली ठेवली.

"मी धरू का?"

"हात नको लावू."

माडीवरून सगळं दिसत होतं. "काकू, बहूला काय देवीसारखी बसवून ठेवली? उठवा की तिला."

"तू तुझं बघ. तुला माडी आहे."

"म्हणून तर दिखतंय मला."

पाणी पहिल्यांदा मोरीतून येतं हे मला माहीत होतं. मी बसल्या जागेवरून सांगितलं, सासूबाईंनी फडक्यांचा बोळा करून मोरीत ठोकला, त्यावर पाटा ठेवला. थोड्या वेळानं पाटा तिथेच राहिला आणि बोळा घरभर फिरू लागला. माझं गोणपाट भिजलं. मी उभी राहिले.

"आत्याबाई, तापीचं पाणी अंगाला लागलं की विटाळ जातो ना?"

त्या विचारात पडल्या. सासूबाई कायदा मोडत नसत, पण कायद्यात काय बसतं ते नीट बघत.

"हे मोरीचं आहे," त्या म्हणाल्या.

"मोरीत कुठून आलं?"

"कुठून का येईना. मोरीतून आलं ते मोरीचं. उंबऱ्यावरून येईल ते तापीचं."

मग आम्ही दोघी तापीची वाट बघत उभ्या राहिलो. एवढ्या आतुरतेनं मी पुराची वाट आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मधल्या वेळात कणगीतली खालची ज्वारी मोरीचं पाणी पीत होती. शेवटी उंबऱ्यावरून एक केळीचा खुंट आत आला, मागून कोणाची तरी चप्पल, आणि तापी. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले.

"घे डोक्यावरून."

मी तांब्याभर गढूळ पाणी डोक्यावर ओतलं.

"झालं. उचल बरण्या."

बरण्या मी खांद्यावरून नेल्या. नंतर कणगीतली वरची कोरडी ज्वारी टोपल्यांनी. गाद्या उचलायला वेळ उरला नाही. रात्र आम्ही माळ्यावर काढली, देव, लोणचं आणि आम्ही दोघी. जागा कमी होती, त्यामुळे माझी सावली सगळ्यांवर पडत होती. सासूबाईंनी तोंड फिरवून घेतलं.

पाणी उतरल्यावरचं काम सांगण्यासारखं नाही, पण क्रम सांगते. गाळ ओला असतानाच ओढायचा. वाळला की कुदळ लागते. दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या. भिंती सुकल्याशिवाय सारवायचं नाही. कोरडी ज्वारी शेजारणीच्या गच्चीवर पसरली, भिजलेली तिच्या म्हशीला गेली. गाद्यांमधला कापूस पिंजाऱ्यानं हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला.

राहिलं लोणचं. ते उघडेपर्यंत सासूबाई माझ्याशी बेतानं बोलत होत्या. मीही बेतानंच. नासलं असतं तर ते पुरानं नासलं असं कोणी म्हटलं नसतं.

ओसरी बसण्याजोगी झाल्यावर त्यांनी बरणीचं फडकं सोडलं. शेजारीण सहज आली होती. गल्लीतल्या आणखी दोघी सहज आल्या होत्या. सासूबाईंनी फोड चाखली, डोळे मिटले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक."

"म्हणजे बहूनं शिवलेलं टिकलं," शेजारीण म्हणाली.

"तापीमाईनं टिकवलं."

हे भोपाळहून आले तेव्हा त्यांनी विचारलं, काय काय गेलं. सासूबाईंनी सांगितलं: गाद्या आणि अर्धी ज्वारी.

पुढच्या महिन्यात मी गोणपाट घेऊन कोपऱ्यात गेले, तर सासूबाई तांब्या घेऊन आल्या. पूर उतरला तसं त्यांनी नदीचं पाणी कळशीत भरून ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्या डोक्यावर ओतलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "ऊठ, भाकरी टाक."